नव्वद दिवसांचे युरोप

मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचा विषय ठरलेला असतो. मुलाला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला, म्हणजे सारे युरोप त्याला मोकळे झाले, असा समज त्यात हमखास आढळतो. २०२० अखेरपर्यंत तो बरोबर होता. आज तो अर्धाच खरा आहे. ब्रिटिश नागरिकाला युरोपात जाण्यासाठी अल्प मुक्कामाचा व्हिसा आजही लागत नाही. मात्र तेथे हवे तितके दिवस राहण्याचा हक्क त्याने गमावला आहे.

२३ जून २०१६ च्या सार्वमताचा कौल मान्य करून ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले. संक्रमणकाळ त्याच वर्षाअखेर संपला. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश प्रवाशाला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, हा नियम लागू झाला. ही मर्यादा प्रत्येक देशासाठी स्वतंत्र नसून शेंगेन क्षेत्रातील २९ देशांसाठी मिळून आहे. फ्रान्समध्ये ६० दिवस घालवले, तर स्पेनसाठी ३० दिवसच उरतात. लीप वर्ष नसताना १ जानेवारीला गेलेल्या प्रवाशाला सलग राहून ३१ मार्चला परतावे लागते आणि ३० जूनपूर्वी पुन्हा जाता येत नाही.

याचा सर्वाधिक फटका थंडीचे चार-पाच महिने स्पेनमध्ये काढणाऱ्या निवृत्तांना बसला. तेथे स्वतःचे घर असले, तरी मर्यादा तीच. अशा घरमालकांना फ्रान्समध्ये आपोआप दीर्घ मुक्कामाचा व्हिसा मिळावा, अशी तरतूद तेथील स्थलांतर विधेयकात करण्यात आली होती. जानेवारी २०२४ मध्ये घटना परिषदेने ती रद्द ठरविली. २०२० अखेरपूर्वी युरोपात कायदेशीर वास्तव्य करणाऱ्यांचे हक्क तेवढे करारान्वये शाबूत राहिले. इतरांना त्या त्या देशाचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा घ्यावा लागतो. पूर्वी दिवसांचा हिशेब पासपोर्टवरील शिक्क्यांवरून होई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या संगणकीय प्रवेश-निर्गमन प्रणालीत बोटांचे ठसे व छायाचित्रासह नोंद होते. त्यामुळे जादा मुक्काम नजरेतून सुटणे अवघड झाले आहे.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांत अनेकदा एकाच घरात दोन देशांचे पासपोर्ट असतात. पती ब्रिटिश आणि पत्नी भारतीय नागरिक असल्यास पतीसमवेत युरोपात जाताना पत्नीला पूर्वी विनाशुल्क व्हिसा मिळे, तोही जलद. ब्रेक्झिटनंतर ही सवलत संपली. आता तिला नेहमीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्याचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. जळगावहून भेटीला गेलेल्या आईवडिलांचीही ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसची सहल होत नाही. त्यांनाही शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो.

गोव्यातील चित्र नेमके उलटे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविण्याची वाट खुली राहिली. त्या पासपोर्टवर अनेक गोवेकर ब्रिटनमध्ये गेले. स्पेनमध्ये वर्षभर राहण्याचा जो हक्क त्यांच्या ब्रिटिश शेजाऱ्याने गमावला, तो त्यांच्याकडे पोर्तुगीज नागरिक म्हणून कायम आहे. ब्रिटनमधील वास्तव्यासाठी मात्र २०२० अखेरपूर्वी आलेल्या गोवेकरांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करावा लागला.

मूळ जळगावच्या, पण ब्रिटिश झालेल्या माणसाला ओसीआय कार्डावर मेहरूणमध्ये कितीही काळ राहता येते. लंडनपासून रेल्वेने काही तासांवर असलेल्या पॅरिसमध्ये मात्र नव्वदच दिवस. पासपोर्ट तोच, त्यामागचा करार बदलला. म्हणूनच युरोपातील दीर्घ मुक्कामाचा बेत आखणाऱ्या कुटुंबाने विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी घरातील प्रत्येकाच्या पासपोर्टचा आणि दिवसांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडणे गरजेचे आहे.