नाताळचे झाड आणि परसातील पाखरे

सण सरला की सणाच्या सामग्रीचे मोलही सरते, ही समजूत सर्व देशांत सारखीच आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर वर्षी सुमारे अडीच ते तीन कोटी खरी नाताळची झाडे विकली जातात. ओरेगन व नॉर्थ कॅरोलायना ही त्यांच्या लागवडीची प्रमुख राज्ये होत. ही झाडे बहुतांशी रानातून तोडलेली नसून शेतात पीक म्हणून वाढविलेली असतात. पुरुषभर उंचीचे फरचे झाड तयार होण्यास साधारणतः सात वर्षे लागतात. सात वर्षांची ही मशागत दिवाणखान्यात तीन-चार आठवडे शोभते आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रस्त्याच्या कडेला येऊन पडते.

त्या देशातील अनेक नगरपालिका ही झाडे गोळा करून त्यांचा भुगा करतात व तो बागेत आच्छादनासाठी देतात. लुइझियाना राज्यात ती कुंपणासारखी रचून किनाऱ्यावरील दलदलीची धूप थोपविली जाते. हे उपयोग स्तुत्यच आहेत. परंतु ज्याच्या घरामागे थोडेसे परस आहे त्याने झाड गाडीत टाकण्याची घाई करू नये. भुगा होण्यापूर्वी त्या झाडाचे आणखी एक काम शिल्लक असते, आणि ते काम थंडी सरेपर्यंतच करता येते.

उत्तरेकडील राज्यांत जानेवारी महिना पाखरांना कठीण जातो. पानझडी वृक्ष उघडे पडतात, गवताचे बी बर्फाखाली दडपते, दिवस लहान व रात्र मोठी असते. चिकॅडी नावाचा तेथील पक्षी वजनाने अवघा दहा-बारा ग्रॅम भरतो. दिवसभरात साठविलेली चरबी तो रात्री ऊब राखण्यात खर्च करतो, आणि सकाळी त्याला पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते. अशा जिवाला दाणा हवा हे खरे. परंतु वारा अडविणारा आडोसा त्याहूनही अधिक हवा. वाऱ्यात बसलेल्या पाखराने खाल्लेला दाणा ऊब राखण्यातच खर्ची पडतो. फरच्या दाट सुया झाड तोडल्यावरही कित्येक आठवडे टिकून राहतात व हा आडोसा फुकट देतात. म्हणून जुन्या झाडाचा पहिला उपयोग निवारा हा होय. खाद्य टांगणे हा दुसरा. लोक नेमका हा क्रम उलटा करतात.

झाड बाहेर नेण्यापूर्वी त्यावरील तारा, आकडे व बेगडी झिरमिळ्या एकूण एक काढाव्यात. त्या पाखरांच्या पायांत अडकतात किंवा पोटात जातात. कृत्रिम बर्फ वा रंग फवारलेले झाड या कामास घेऊच नये. वाऱ्यापासून आडोशाच्या जागी मेख ठोकून अथवा कुंपणाला बांधून ते घट्ट उभे करावे. जमिनीवर टिपणाऱ्या पाखरांसाठी ते आडवे टाकले तरी चालते. मांजराला दडून बसता येईल अशा जागी खाद्य ठेवू नये. पाइनच्या शंकूंना बिनमिठाचे शेंगदाण्याचे लोणी किंवा चरबी माखून त्यावर सूर्यफुलाचे बी लावावे. सफरचंदाच्या चकत्या दोऱ्याने टांगाव्यात. पाव, खारे पदार्थ व बुरसटलेले दाणे कटाक्षाने टाळावेत.

असे खाऊ घातल्याने पाखरे आळशी होतात, असा एक आक्षेप घेतला जातो. विस्कॉन्सिन राज्यात चिकॅडीवर झालेल्या अभ्यासात त्याला आधार मिळाला नाही. खाद्य मिळणाऱ्या पाखरांनीही आपले बहुतेक अन्न रानातूनच मिळविले. मात्र कडाक्याच्या थंडीत त्यांच्यापैकी अधिक पाखरे जगली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व तो मान्य केला पाहिजे. एकाच जागी अनेक पाखरे जमली की रोगही जमतो. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास ग्रीनफिंच पक्ष्यांत घशाचा एक परजीवी रोग पसरला. खाण्यापिण्याच्या सामाईक जागांतून तो फैलावतो, आणि त्यामुळे त्या पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. तेव्हा ज्याला ओले, कुजके खाद्य वेळच्या वेळी काढून जागा स्वच्छ ठेवणे जमणार नाही, त्याने दाणा टांगूच नये. नुसते झाड उभे करावे. आजारी पाखरू दिसताच खाद्य बंद करावे. अस्वच्छ अन्नछत्रापेक्षा स्वच्छ धर्मशाळा बरी.

उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. ही हानी परसातील एका झाडाने भरून निघणारी नाही. परंतु निवारा नाहीसा होणे हे या हानीचे एक मोठे कारण आहे, आणि निवारा जाळायचा की राखायचा हे ठरविणे प्रत्येक गृहस्थाच्या हाती आहे.

वसंतात सुया तांबूस होऊन गळू लागल्या की फांद्या छाटून फुलझाडांच्या बुडाशी पसराव्यात. त्यामुळे जमीन आंबट होते ही भीती फारशी खरी नाही. भुगा केल्यास तो मातीत न मिसळता वर अंथरावा. मातीत मिसळल्यास तो कुजताना नत्र काही काळ अडकून राहते. बुंधा एका कोपऱ्यात पडू द्यावा. त्यात किडे येतात, आणि किड्यांमागे पाखरे येतात.

आपल्याकडे गोव्यात व वसईकडे अनेक ख्रिस्ती घरांत सुरूची फांदी सजवून नाताळचे झाड करण्याची रीत आहे. येथे त्या दिवसांत बर्फ नसते, शेतात रब्बीची पिके उभी असतात. म्हणून पाखरांना खाऊ घालण्याची तशी निकड नाही. बसण्याच्या जागेची मात्र आहे. हरभऱ्यावर घाटे अळी दिसू लागते तेव्हा शेतात उभारलेल्या पक्षीथांब्यांवर कोतवाल व साळुंकी येऊन बसतात आणि अळ्या वेचतात. सणानंतरची सुरूची फांदी किंवा कुंपणाची छाटलेली फांदी या कामास उत्तम होय. दाणा भरू लागलेल्या ज्वारी-बाजरीत मात्र असे थांबे ठेवू नयेत.

फरचे झाड असो वा बांधावरची फांदी, तोडलेल्या लाकडाला लगेच काडी लावण्याची सवय दोन्ही देशांत एकच आहे. ती सोडण्यास पैसा लागत नाही. हात काही आठवडे आवरावा लागतो, इतकेच.