विकत घेतले, पण आपले झाले काय?

'खरेदी' हा आपल्या व्यवहारातील मोठा भक्कम शब्द आहे. खरेदीखत झाले की जमीन आपली; पावती हातात पडली की भांडे आपले. ते वापरावे, शेजाऱ्याला द्यावे, मुलीबरोबर सासरी पाठवावे किंवा मोडीत काढावे. विकणाऱ्याने त्यात पुन्हा नाक खुपसण्याचे कारण उरत नाही. करमणुकीच्या जागतिक बाजारपेठेने गेल्या पंधरा-सतरा वर्षांत या शब्दाचा अर्थ किती सफाईने पातळ केला, हे पाहायचे असेल तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या 'कॉम्बो पॅक'कडे पाहावे.

हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ब्लू-रे ही अधिक क्षमतेची तबकडी २००६ मध्ये बाजारात आली. साध्या डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट माहिती मावते, तर ब्लू-रेच्या एका थरात २५. चित्र अर्थातच अधिक स्वच्छ. परंतु घरोघरी डीव्हीडीचीच यंत्रे होती आणि नवे यंत्र घेण्याची लोकांना घाई नव्हती. तेव्हा हॉलिवूडच्या कंपन्यांनी युक्ती काढली. एकाच खोक्यात एकच चित्रपट तीन रूपांत द्यायचा : ब्लू-रे, डीव्हीडी आणि 'डिजिटल प्रत'. आज ब्लू-रे यंत्र नाही? डीव्हीडी लावा. उद्या यंत्र घ्याल, तेव्हा ब्लू-रे तयार आहे. प्रवासात मुलांना संगणकावर किंवा फोनवर पाहायचे आहे? डिजिटल प्रत आहेच. २०१६ पासून त्यात 'फोर-के' तबकडीची भर पडली. ग्राहकाच्या दृष्टीने सौदा वाईट नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

मेख आहे ती तिसऱ्या रूपात. तबकड्या खोक्यात असतात. डिजिटल प्रत खोक्यात नसते. तेथे असतो कागदाचा एक चिटोरा. त्यावर अक्षरे व अंक यांचा एक संकेतांक आणि बहुधा त्याच्या मुदतीची तारीख. तो संकेतांक कंपनीच्या दुकानात नोंदवला की आपल्या खात्यात चित्रपट 'दिसू' लागतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! कारण आपल्या पदरात पडते ती प्रत नसून पाहण्याची परवानगी असते. देणाऱ्याचे दुकान, देणाऱ्याचे नियम आणि ते बदलण्याचा अधिकारही देणाऱ्याचाच.

याचा प्रत्यय 'अल्ट्राव्हायोलेट'च्या कथेत येतो. ऑक्टोबर २०११ मध्ये वॉर्नर, सोनी, युनिव्हर्सल, पॅरामाउंट आदी बड्या कंपन्यांनी मिळून ही व्यवस्था उभी केली. एकदा संकेतांक नोंदवा आणि आपला संग्रह कोणत्याही दुकानातून, कोणत्याही यंत्रावर पाहा, असे आश्वासन होते. डिस्ने मात्र पहिल्यापासून बाहेर राहिली. तिने २०१४ मध्ये स्वतःची व्यवस्था काढली, तीच २०१७ मध्ये इतर कंपन्यांना सोबत घेऊन 'मूव्हीज एनीव्हेअर' झाली. तीन कोटींवर खाती असल्याचे सांगणारी अल्ट्राव्हायोलेट ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली. ज्यांनी आपली खाती वेळीच अन्य दुकानांशी जोडली, त्यांचे बहुतेक चित्रपट वाचले. ज्यांनी कंपनीची पत्रे वाचली नाहीत, त्यांच्या हाती काही राहण्याची शाश्वती नव्हती. अवघ्या आठ वर्षांत हा कारभार आटोपला. त्याच खोक्यातील डीव्हीडी मात्र आजही चालते.

विक्रेत्याचा हात विकलेल्या वस्तूवर किती काळ राहावा, हा वाद अमेरिकेला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी 'द कास्टअवे' नावाच्या एका कादंबरीवर प्रकाशकाने छापले होते की, एका डॉलरपेक्षा कमी किमतीला हे पुस्तक विकणे हा हक्कभंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निर्णय दिला : प्रत एकदा विकली की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची सत्ता चालत नाही. ग्रंथालये, जुन्या पुस्तकांची दुकाने, तबकड्या भाड्याने देणारी केंद्रे या तत्त्वावर उभी राहिली.

२०१७ मध्ये हेच तत्त्व नव्या कसोटीला लागले. नाक्यानाक्यावर यंत्रे उभारून तबकड्या भाड्याने देणाऱ्या रेडबॉक्स या कंपनीने बाजारातून डिस्नेचे कॉम्बो पॅक विकत घेतले आणि आतील संकेतांक सुटे करून विकायला प्रारंभ केला. डिस्ने न्यायालयात गेली. खोक्यावर 'संकेतांक विकता वा हस्तांतरित करता येणार नाहीत' असे छापले होते, हा तिचा आधार. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीश डीन प्रेगरसन यांनी डिस्नेला मनाई हुकूम नाकारला; खोक्यावरील त्या वाक्याने करार होत नाही, असे त्यांनी म्हटले. तबकडी जवळ असणाऱ्यानेच संकेतांक वापरावा ही डिस्नेची अटही त्यांना गैर वाटली, कारण तीमुळे तबकडी विकण्याच्या ग्राहकाच्या हक्कावर गदा येत होती. परंतु त्याच निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. संकेतांक विकला जातो तेव्हा 'प्रत' अस्तित्वातच नसते. त्यामुळे पुनर्विक्रीचे ते जुने तत्त्व त्याला लागू पडत नाही. डिस्नेने पुढे अटींची भाषा बदलली आणि ऑगस्टमध्ये तिला मनाई हुकूम मिळाला. २०२४ मध्ये रेडबॉक्सचे दिवाळे वाजले. तात्पर्य, खोक्यातील तबकडीला मालक असतो, चिटोऱ्याला केवळ वापरकर्ता.

अमेरिकेतच आता यावर थोडी जाग आली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवले की, डिस्कव्हरीचे त्यांनी पैसे मोजून घेतलेले कार्यक्रम वर्षअखेरीस काढून टाकले जातील. ओरड झाल्यावर तो निर्णय फिरवण्यात आला. पण ग्राहक काय समजायचे ते समजले. कॅलिफोर्निया राज्याने केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आपण देत आहोत तो केवळ परवाना आहे, हे ठळकपणे सांगितल्यावाचून डिजिटल वस्तूसाठी 'विकत घ्या' असे शब्द वापरण्यास तेथे बंदी आहे.

हे सारे तिकडचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु मुले-सुना अमेरिकेत असलेली घरे आता आपल्याकडे थोडी नाहीत. तिकडून प्रेमाने आणलेले खोके येथे उघडले की घोटाळा सुरू होतो. अमेरिकेची डीव्हीडी विभाग १ ची, भारताची विभाग ५ ची. ब्लू-रेचे विभागही वेगळे. साध्या यंत्रावर ती तबकडी चालत नाही (फोर-के तबकडीला हे बंधन नाही, हे आणणाऱ्याने ध्यानात ठेवावे), आणि मूव्हीज एनीव्हेअर तर अमेरिकेबाहेर सेवाच देत नाही. शिवाय आपल्या फोनवरील दुकानांतही 'भाड्याने' आणि 'विकत' अशी दोन बटणे शेजारी-शेजारी असतातच. दुसऱ्या बटणाला लोक खरेदीखत समजतात. १९७४ पासून ग्राहक पंचायतीने या राज्यात वजनमापांपासून वेष्टनावरील मजकुरापर्यंत जागृती केली. हा 'विकत' शब्दही आता त्या यादीत यायला हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेतच. या शब्दाविषयी स्पष्ट नियम करणे तिला अवघड नसावे.

पैशाहून मोठी गोष्ट मात्र जतनाची आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आज पूर्ण उपलब्ध नाही. १९३१ चा 'आलम आरा' तर समूळ गेला. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभे राहिले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे गोळा केली. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष त्यांना मिळाले, त्यात फाळके कुटुंबीयांनी जपलेल्या रिळांचा वाटा मोठा होता. कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी ट्रंकेत एक वस्तू पडून राहिली, म्हणून भारतीय चित्रपटाच्या आरंभाचा पुरावा राहिला. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. एकाच ठिकाणी ठेवलेल्या ठेव्याचे काय होते, ते तेव्हा दिसले. खात्यात 'दिसणारा' चित्रपट तर कंपनीच्या एका आज्ञेने सर्व घरांतून एकाच रात्री जाऊ शकतो.

तबकडी अमर आहे, असा दावा नाही. ओरखडे पडतात, थर खराब होतो, यंत्रे मिळेनाशी होतात. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणे सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवले. आपल्याकडे २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी देऊन मध्यमवर्गाच्या घरात चित्रपटसंग्रह पोहोचवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. त्या काळी घेतलेल्या तबकड्या अनेकांच्या माळ्यावर असतील. त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा लावून पाहाव्यात. त्यातील काही मराठी चित्रपट आज कोणत्याच वाहिनीवर वा ओटीटीवर सापडायचे नाहीत.

आणि येथे आपला कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात 'व्यावसायिक भाडे' याची व्याख्या आली. नफा न कमावणारे ग्रंथालय वा शिक्षणसंस्था रीतसर मिळवलेली चित्रपटाची प्रत नफ्याचा हेतू न ठेवता वाचकांना देत असेल, तर ते या व्याख्येबाहेर ठेवले आहे. म्हणजे तालुक्याचे वाचनालय पुस्तकाप्रमाणे तबकडीही सभासदाला घरी देऊ शकते. खात्यातील परवानगी अशी देता येत नाही. राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. नव्या मराठी चित्रपटांच्या तबकड्या आता क्वचितच निघतात; निर्मात्यांनी निदान काहीशे प्रती काढून ग्रंथालयांना रास्त दरात द्याव्यात आणि राज्य शासनाने चित्रपटाला अनुदान देताना तशी अट घालावी. चित्रपट तयार करण्याच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे.