विंडोज मारून देतो!

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. त्यामुळे तिथल्या प्री-वेडिंग शूटिंगचे वेळापत्रक फोटोग्राफर ठरवत नाही, समुद्र ठरवतो. पाणी ओसरले की नवरा-नवरी, दोन कॅमेरे, एक ड्रोन आणि छत्री धरणारा पोरगा असा लवाजमा निघतो आणि भरतीच्या आत कार्डे भरून परततो. इथवर सगळे सुरळीत असते. रात्री स्टुडिओत कार्ड खाली केले की फोटोंच्या जागी नुसते पांढरे चौकोन दिसू लागतात आणि टाइमलाइनवर टाकलेला व्हिडिओ दर दोन सेकंदांनी अडखळतो. मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन जातो. त्याचे उत्तर रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत एकच असते: घेऊन या, विंडोज मारून देतो.

हे वाक्य या धंद्याचा खरा आजार आहे. विंडोज नव्याने टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुखणे कुठे होते याचा पुरावाच त्याने पुसला जातो. सेटिंग जातात, फॉन्ट जातात, कधी डेस्कटॉपवर ठेवलेला कुणाच्या तरी हळदीचा फोल्डरही जातो. आणि पुढच्या लग्नाला तोच पांढरा चौकोन पुन्हा हजर होतो, कारण त्या चौकोनाचा विंडोज बिघडण्याशी काही संबंधच नव्हता.

रॉ फाइल म्हणजे फोटो नव्हे. सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची ती कच्ची नोंद असते आणि प्रत्येक कंपनी ती आपापल्या पद्धतीने बांधते: कॅननची सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. कॅननने सीआर३ आणली २०१८ मध्ये, ईओएस एम५० या कॅमेऱ्यासोबत. एकरकमी विकत घेता येणाऱ्या लाइटरूम ६ ला नव्या कॅमेऱ्यांची ओळख करून देणे अडोबीने त्याआधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, थांबवले होते. फोटोशॉप सीएस६ ची तर ही ओळख २०१५ पाशीच थबकली. तेव्हा नवा कॅमेरा आणि जुने सॉफ्टवेअर अशी जोडी जमवल्यावर ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो, तो अर्धा खोटा असतो. फाइल ठणठणीत असते. वाचणाऱ्याला ती लिपी येत नसते. मोडी न येणाऱ्याने जुने दस्त फाटके ठरवावे, तसला हा प्रकार.

यावरचे उपाय फुकट आहेत. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर रॉ फाइलचे जुन्या सॉफ्टवेअरला कळेल अशा डीएनजीत रूपांतर करून देतो. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचे एनएक्स स्टुडिओ पैसे न घेता मिळतात. विंडोजच्या फोल्डरमध्येच फोटो दिसायला हवे असतील, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये २०१९ पासून रॉ इमेज एक्स्टेन्शन आहे. यातल्या एकाही कामासाठी कॉम्प्युटर उचलून दुकानात न्यावा लागत नाही.

अडखळणाऱ्या व्हिडिओची गोष्ट जास्त मजेशीर आहे, आणि जास्त खर्चाची. नवे मिररलेस कॅमेरे एच.२६५ मध्ये, दहा बिटांचे, ४:२:२ रंगाचे चित्रण करतात. रंगांचा तपशील त्यात भरपूर असतो, पण तो उलगडताना प्रोसेसरला घाम फुटतो. म्हणून स्टुडिओवाला महागडे ग्राफिक्स कार्ड बसवतो, आणि व्हिडिओ अडखळतच राहतो. कारण एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ही ४:२:२ ची गाठ सोडवणारी यंत्रणा २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपर्यंत नव्हतीच. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांत, आतल्याच छोट्या ग्राफिक्स भागात, ती होती. मात्र मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर तो भाग बंद असतो. चार पैसे वाचतात म्हणून दुकानदार नेमका ‘एफ’वाला गळ्यात मारतो. ‘एफ’ नसेल तरी वेगळे कार्ड लावल्यावर काही मदरबोर्ड आतला भाग आपोआप बंद करतात. तो बायोसमध्ये जाऊन चालू करायचा असतो. दोन मिनिटांचे काम, पण ते सांगणारा कुणी भेटत नाही. यंत्र बदलणे शक्यच नसेल तर प्रॉक्सी कराव्यात: मूळ फाइलींच्या हलक्या प्रती रात्रभरात तयार होतात, एडिटिंग त्यांच्यावर चालते आणि शेवटच्या एक्स्पोर्टला मूळ फाइली आपोआप जागेवर येतात. प्रीमियर आणि दाविंची रिझॉल्व्ह या दोघांतही ही सोय आहे.

बाकीची दुखणी किरकोळ, तरी घाबरवणारी. सगळी टाइमलाइन लाल होऊन ‘मीडिया ऑफलाइन’ म्हणू लागते, तेव्हा बहुतेक वेळा एवढेच झालेले असते की काल ‘ई’ असलेली बाहेरची हार्ड डिस्क आज ‘एफ’ म्हणून लागली आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर पुन्हा नेमून दिले की मिटले. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर प्रीमियरची मीडिया कॅश तिथेच साठलेली असते. ती बिनधास्त उडवावी, लागेल तशी पुन्हा तयार होते. प्रीमियर उघडतानाच मान टाकत असेल तर ऑल्टची कळ दाबून धरत सुरू करावे आणि सेटिंग मूळ पदावर आणावीत.

आणि नावांची विटंबना. लग्नाच्या व्हिडिओत ‘शुभविवाह’मधल्या ‘वि’ची वेलांटी अक्षरामागे पळालेली किंवा जोडाक्षराचा पाय मोडलेला अनेकांनी पाहिला असेल. आपल्या लिपीचेच काहीतरी अवघड आहे, असे मानून कित्येक जण अजून जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट कवटाळून बसतात, नाहीतर सरळ इंग्रजीत नावे टाकतात. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असतो, फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट असतो. तो निवडला की वेलांटी निमूट जागेवर येते. आगरी-कोळी हळदीवर हौसेने खर्च करणाऱ्या घराला आपल्या मुलीचे नाव पडद्यावर शुद्ध दिसावे, एवढी अपेक्षा ठेवण्याचा हक्क नाही काय?

क्रॅक केलेल्या, म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरची मात्र गय करण्याचे कारण नाही. अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाइल चालवा, अशी सूचना असलेले सॉफ्टवेअर स्टुडिओत घेणे म्हणजे चोराला किल्ली देऊन झोपणे. २०१८ च्या सुमारास पसरू लागलेले ‘स्टॉप’ हे खंडणीखोर व्हायरसचे कुटुंब मुख्यतः अशाच क्रॅकच्या वेषात आले आणि लोकांच्या फोटो-व्हिडिओंना कुलूप लावून पैसे मागू लागले. परवडत नाही ही सबब आता टिकत नाही. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लहान स्टुडिओच्या बऱ्याचशा कामाला पुरते.

दुखणे कसे शोधावे याचा धडा अलिबागला बाहेरून आणावा लागणार नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे दिसल्यावर, त्या प्रवाहाने तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील हे शास्त्रज्ञांनी आधीच ओळखले. त्यांनी उपकरणांना दोष दिला नाही, जागा बदलली. १९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. पण कुलाब्याचे काम त्या दिवशी थांबले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी समांतर चालू राहिल्या, त्या ताडून पाहता आल्या आणि मगच जुनी जागा सुटली. कुलाब्यात सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात घेतलेली मूळ वाचने जपून राहिली, म्हणून २००३ मध्ये शास्त्रज्ञांना त्या वादळाची तीव्रता नव्याने मोजता आली. कच्ची नोंद म्हणजेच रॉ.

स्टुडिओत याच्या नेमके उलटे घडते. कार्ड कॉपी झाले न झाले तोच पुढच्या ऑर्डरसाठी फॉरमॅट होते. ड्रोन पडला किंवा चित्रण चालू असताना बॅटरी गेली, तर व्हिडिओची फाइल उघडत नाही, कारण फाइलची सूची शेवटी लिहिली जाते आणि ती लिहायचीच राहून गेलेली असते. आतले चित्रण बहुधा शाबूत असते. कार्ड पुन्हा त्याच यंत्रात घातले तर काही कॅमेरे आणि ड्रोन स्वतःच ती सूची बांधून देतात. नाहीतर त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर आहेत. कार्ड फॉरमॅट करून त्यावर नवे लग्न चित्रित केले, की ही दारे बंद.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. पत्रे उडाले, घरांत पाणी शिरले, मुरूड-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत वीज बरेच दिवस नव्हती. टेबलाखालच्या एकाच हार्ड डिस्कवर पाच वर्षांची लग्ने ठेवणे किती शहाणपणाचे, हे त्यानंतर तरी कळायला हवे होते. खाऱ्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते म्हणून जो माणूस सिलिका जेलच्या पुड्या आणतो, तोच डेटाची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवायला कंटाळतो.

ग्राहकही यात निर्दोष नाहीत. कोटेशन घेताना अल्बमची पाने मोजतात, ड्रोन फुकट मागतात. मूळ फाइली किती महिने आणि किती ठिकाणी ठेवणार, हे कुणी विचारत नाही. दरपत्रकात ही ओळ यायला हवी आणि तिचे वेगळे पैसे लावायला स्टुडिओवाल्याने लाजू नये. तुळशीचे लग्न लागले की पुन्हा तारखा भरतील आणि कॉम्प्युटरला हात लावायला उसंत मिळणार नाही. पावसाळ्यात शूटिंग बंद असते तेव्हा डिस्कला कायमचे अक्षर नेमणे, प्रोसेसरच्या मॉडेलचे शेवटचे अक्षर तपासणे आणि मागच्या हंगामाची एक प्रत बहिणीच्या घरी पोचवणे, इतके तरी सहज उरकता येते.