खेळाडूची व्यथा आणि सिसिफसची शिळा

खेळाडू खचला की त्याला ‘मनोबल’ वाढविण्याचा उपदेश केला जातो. आणि उपदेशकाचे वाचन थोडे अधिक असेल तर साक्षीला काम्यूचा सिसिफस उभा केला जातो. शिळा डोंगरावर ढकलायची, ती गडगडत खाली आली की पुन्हा ढकलायची, तक्रार मात्र करायची नाही! स्पर्धा परीक्षांत उमेदीची वर्षे घालविणाऱ्या तरुणांनाही हाच काढा पाजला जातो. जर्मन टाचेखालील फ्रान्समध्ये १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाची ही विटंबनाच होय. काम्यूचा सिसिफस शिक्षा देणाऱ्या देवांचा तिरस्कार करतो. या मंडळींचा सिसिफस देवांना नमस्कार करून कामाला लागतो.

काम्यू स्वतः अल्जीरियात गोलरक्षक होता. बूट झिजविल्याबद्दल आजीचा मार बसे आणि त्या जागी बूट कमी झिजत, म्हणून त्याने ती जागा पत्करली, असे सांगतात. पुढे सतराव्या वर्षी क्षयाने त्याचा खेळ संपविला. अस्तित्ववादाला नुसती ‘आतली तगमग’ समजणाऱ्यांनी हे दारिद्र्य विसरू नये. माणूस निवड करतो, पण ती विशिष्ट परिस्थितीत उभा राहूनच करतो, हे सार्त्रनेही बजावले आहे.

ही परिस्थिती पाहायला पॅरिसला जाण्याचे कारण नाही. रिओ येथे २०१६ साली कांस्यपदक जिंकणारी साक्षी मलिक २०२३ मध्ये सहकाऱ्यांसह जंतरमंतरवर बसली. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. २८ मे रोजी पोलिसांनी या कुस्तीगिरांना फरफटत नेले. दोनच दिवसांनी ते पदके गंगेत सोडण्यासाठी हरिद्वारला पोहोचले. शेतकरी नेत्यांनी त्यांना परावृत्त केले. २१ डिसेंबरला महासंघाची निवडणूक झाली, जुन्या अध्यक्षांचा निकटवर्तीय निवडून आला, आणि साक्षीने पत्रकारांसमोर बूट टेबलावर ठेवून निवृत्ती जाहीर केली.

हा मनोबलाचा अभाव म्हणावयाचा काय? ज्या व्यवस्थेत मान तुकवूनच खेळता येते तिथे न खेळण्याची निवड करणे, याहून स्पष्ट स्वातंत्र्य कोणते? तिच्या व्यथेवर मानसोपचारतज्ज्ञ जरूर असावेत. परंतु तक्रार ऐकणारी स्वतंत्र समिती आणि महासंघांत खेळाडूंना मतदानाचा हक्क, यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. नव्या कार्यकारिणीला सरकारने तीनच दिवसांत निलंबित केले खरे. मार्च २०२५ मध्ये ते निलंबनही उठले.