शेरा कोण लिहितो?

‘काम पाहून पगार’ हे ऐकायला न्याय्य वाटतं. माझा प्रश्न एवढाच: काम पाहणार कोण? २०१६पासून केंद्रीय कर्मचाऱ्याला आश्वासित प्रगतीच्या लाभासाठी ‘चांगला’ शेरा पुरत नाही, ‘अतिशय चांगला’ लागतो. तो साहेब लिहितात, आणि त्या खुर्चीत आपली माणसं मोजकीच. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, हेसुद्धा २००८मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

माझा विरोध मोजमापाला नाही, मनमानीला आहे. निकष आधी लेखी द्या. अपील ऐकणाऱ्या समितीत अनुसूचित जाती-जमातींचा सदस्य ठेवा. तोवर शेऱ्याला पगार बांधणं म्हणजे पूर्वग्रहाच्या हाती तिजोरी देणं.

केंद्राच्या नोकरीत असाल तर आपला वार्षिक अहवाल वाचा. पटला नाही, तर १५ दिवसांत लेखी हरकत नोंदवा.