जुनी हार्डडिस्क कुठाय?

गेल्या महिन्यात एका रविवारी शेजारचे काका सकाळी सकाळीच दारात उभे. खांद्याला लॅपटॉपची बॅग. "अरे, कालच दुकानातून आणला. काय पळतोय बघ आता! फक्त ते माझं कुलवृत्तांताचं फोल्डर दिसत नाहीये. कुठल्या कोपऱ्यात टाकलंय त्यांनी कुणास ठाऊक, तेवढं बघ जरा."

मी चहा पीत पीत लॅपटॉप उघडला. सी ड्राइव्ह होता. डी नव्हता, ई पण नव्हता. पोटात गोळाच आला.

"काका, जुनी हार्डडिस्क कुठाय?"

"ती त्यांनी ठेवून घेतली. पाचशे रुपये कमी केले ना तिचे!"

आता यात चूक कोणाची? आपल्याकडे वर्षानुवर्षं नवीन लॅपटॉप घेतला की दुकानदार डिस्कचे तीन तुकडे करून देत आले, सी, डी आणि ई. "महत्त्वाचं सगळं डी नाहीतर ई मध्ये ठेवा, विंडोज उडालं तरी ते राहतं" हा सल्ला आम्हा कॉम्प्युटरवाल्यांनीच अख्ख्या गावाला दिलेला. काका पडले निवृत्त शिक्षक, सांगितलेलं पाळणारे. अकरा वर्षं गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून जमवलेली वंशावळ त्यांनी शहाण्यासारखी ई मध्ये ठेवली होती. दुकानातल्या मुलानं "डेटा कॉपी केलाय" म्हणून सांगितलं ते काही खोटं नव्हतं. त्याच्या लेखी डेटा म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो. फोन केला तर म्हणाला, जुन्या डिस्क शुक्रवारीच लॉटमध्ये गेल्या.

आणि खरं सांगायचं तर काका आधी माझ्याकडेच आले होते. मी रिलीजच्या गडबडीत होतो. म्हटलं, "दुकानात द्या काका, अर्ध्या तासाचं काम आहे." अर्ध्या तासाचंच काम आहे हो! म्हणूनच ते मी करायला हवं होतं, किंवा काकांकडून करून घ्यायला हवं होतं.

तर माझं मत असं की, ज्याला कुकरचा व्हॉल्व्ह बदलता येतो त्याला लॅपटॉपची डिस्क बदलता येते. आणि बदला वा न बदला, जुनी डिस्क घराबाहेर जाता कामा नये. पाचशेसाठी नाही, पाच हजारांसाठी पण नाही.

लोक घाबरतात ते स्क्रू ड्रायव्हरला. घाबरायचं असेल तर त्याच्या आधीच्या गोष्टींना घाबरा. पहिली म्हणजे एन्क्रिप्शन. हल्ली बऱ्याच लॅपटॉपवर ते मालकाला न विचारताच चालू असतं. अशी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती आधी शोधून कागदावर उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये नको, हे सांगायची वेळ माझ्यावर एकदा आलेली आहे. दुसरी गोष्ट, विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पुरतं शट डाउन नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर मशीन अर्धवट झोपलेलं राहतं. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, म्हणजे खरंच बंद होईल. तिसरी, डिस्क आधीच कटकट आवाज करत असेल तर दुरुस्तीची सॉफ्टवेअरं तिच्यावर चालवू नका. मरायला टेकलेल्या माणसाला जिने चढायला लावण्यातला प्रकार आहे तो. लॅपटॉप बंद करा आणि डिस्क बाहेर काढून डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमनं तिची प्रत घ्या. तो आधी नीट वाचता येतो तेवढा भाग उचलतो आणि खराब जागांशी नंतर झटापट करतो. त्यातलं काहीच जीवावर बेतण्याइतकं महत्त्वाचं असेल, तर मात्र तुम्ही-आम्ही हात लावायचा नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची.

मग स्क्रू. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा, आतली असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. झाकणाचे स्क्रू सगळे सारखे दिसतात पण सारखे नसतात. लांब स्क्रू छोट्याच्या जागी पिळला तर तो पार मदरबोर्डात घुसू शकतो. मी कागदावर लॅपटॉपचं चित्र काढतो आणि जिथला स्क्रू तिथे चिकटपट्टीनं लावतो. बायको याला 'रांगोळी' म्हणते. झाकणाच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या सोडवायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड उत्तम, सुरी नको. सतरंजीवर बसून हे काम करू नका, विशेषतः पुण्याच्या कोरड्या थंडीत. टेबलावर करा, आणि अधूनमधून एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवण्याइतका नसला तरी चिपला पुरतो.

अडीच इंची डिस्क सॉकेटमधून वर उचकटायची नसते, कनेक्टरच्या उलट दिशेला सपाट सरकवायची असते. बहुतेक मोडतोड इथेच होते. सातारा कनेक्टर (आमच्याकडे साटाला सातारा म्हणतात, नाइलाज आहे) दोन भागांचा असतो, ७ पिनांचा डेटाचा आणि १५ पिनांचा विजेचा. पोरगेला प्लॅस्टिकचा तुकडा, वाकडा जोर लावला की तुटतो. डिस्कभोवतीची पत्र्याची चौकट फेकू नका, चार स्क्रू काढून ती नव्या डिस्कला बसवायची असते. जाडी पण बघून घ्या. जुन्या डिस्क बऱ्याचदा ९.५ मिमीच्या, एसएसडी ७ मिमीच्या, त्यामुळे नवी आत खुळखुळते. तिच्यासोबत कधीकधी प्लॅस्टिकची एक चौकट येते, ती त्यासाठीच असते. मी ती पहिल्यांदा पॅकिंग समजून टाकून दिली होती. असो. नवीन लॅपटॉपात च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ असते, २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. एकच स्क्रू, तो काढला की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. मात्र साटाची आणि एनव्हीएमईची पट्टी दिसायला जवळपास जुळ्या बहिणी, तेव्हा घेण्याआधी आपल्या मॉडेलला कुठली चालते ते बघा.

आणि जुनी डिस्क? तापकीर गल्लीत यूएसबीचं साधं केसिंग मिळतं. त्यात घाला, नव्या मशीनला जोडा, प्रत्येक पार्टिशन उघडून बघा. निदान सहा महिने कपाटात राहू द्या. काय राहून गेलं ते पहिल्या दिवशी आठवत नाही, ते आठवतं इन्कम टॅक्स भरताना.

यावर एक शहाणा मित्र म्हणाला, "फॉरमॅट करून दिली तर काय बिघडतं?" बिघडतं. गारफिंकेल आणि शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क जमवल्या आणि २००३ मध्ये त्यावर लेख लिहिला. चालू अवस्थेत होत्या १२९. त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांचे क्रेडिट कार्डाचे नंबर, वैद्यकीय माहिती, काय नि काय. साधं फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं तिथेच. फिरत्या डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहिली की काम भागतं. एसएसडी मात्र स्वतःच्या सोयीनं जागा बदलत लिहिते, तिथे वरून शून्यं लिहून खात्री नाही, तिची स्वतःची इरेज कमांडच वापरावी लागते.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्यांनी हा अर्धा तासही आपल्याकडून काढून घेतला त्यांचा. ॲपलच्या २०१६ च्या टच बारवाल्या मॅकबुक प्रोपासून स्टोरेज थेट बोर्डावर डाकलेलं आलं, आणि बाकीच्यांनीही पातळ मशीनच्या नादात कमी-अधिक तेच केलं. बोर्ड गेला की आठवणी गेल्या. आपल्या सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, चांगलं केलं, पण पोर्टलनं डाक सुटत नाही. मी लॅपटॉप घेताना आता प्रोसेसरच्या आधी एवढंच विचारतो, की डिस्क निघते का. सेल्समन माझ्याकडे, भाजीवाल्याला भोपळ्याचं वजन सोडून बियांची संख्या विचारल्यासारखं बघतो. बघू दे.

काकांचं म्हणाल तर, मी त्या दुकानात दोनदा जाऊन आलो. भंगारवाल्यापर्यंतही पोचलो. डिस्कचा एक मोठा डबा होता, त्यात ती नव्हती. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यातले किती जण आता आहेत, हे मी त्यांना विचारलं नाही.

मग माळ्यावर एक स्पायरल बाइंडिंग केलेली प्रिंट निघाली, तीन वर्षांपूर्वीची, समासात पेन्सिलीनं केलेल्या दुरुस्त्यांसकट. त्यानंतरचं जमवलेलं त्यात नाही, आणि चार पानं वाळवीनं खाल्लीत. जुनी फाइल कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये होती, आता युनिकोडमध्ये करतोय. दर रविवारी मी वाचतो, काका टाइप करतात आणि मध्येच थांबून सांगतात, की ही जी आत्या लिहिलीय ना, ती खरी चुलत. परवा पान ४१ झालं. दोन प्रती काढल्या, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.