दिवा पाण्याचा नव्हे, जस्ताचा

सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात वसलेले शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी दूरवर ओळखले जाते. आंबट जंबेरीच्या खुंटावर गोड संत्र्याचा डोळा बांधण्याचे कौशल्य येथील रोपवाटिकांनी निष्ठेने जोपासले आहे. अशा गावातील बागायतदाराच्या कोठीत बोर्डो मलमासाठी आणलेले मोरचूद असते, जळालेल्या पंपाच्या मोटारीतून निघालेली तांब्याची तार असते, जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे तुकडे असतात. बी काढून घेतलेल्या जंबेरीचा आंबट गर तर बहुधा फेकूनच दिला जातो. यात चिमूटभर मीठ आणि वाटीभर पाण्याची भर घातली की एक चिमुकला दिवा लागू शकतो.

पाणी ओतताच दिवा लागतो, हे दृश्य मोठे मोहक असते. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत असे प्रयोग दरवर्षी मांडले जातात आणि पाहुणे कौतुकाने मान डोलावून पुढे जातात. परंतु तो दिवा नेमका कशावर जळतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘पाण्यावर’ हे उत्तर सोपे आहे, पण ते चुकीचे आहे. त्या दिव्याचे इंधन म्हणजे जस्त. पाणी आणि मीठ केवळ वाट मोकळी करून देतात. जस्त हळूहळू विरघळते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे धावतात आणि त्यांच्या वाटेत ठेवलेला दिवा उजळतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जस्त हे बियाणे आहे आणि पाणी ही केवळ ओल. ओलीवाचून बी रुजत नाही हे खरे, पण नुसत्या ओलीतून पीक उगवत नाही.

घट तयार करण्याची कृती सोपी आहे. सुती कापडाचा तुकडा मिठाच्या दाट पाण्यात भिजवून कडकडीत वाळवावा. त्याच्या एका बाजूस जस्ताची आणि दुसऱ्या बाजूस तांब्याची पट्टी ठेवून दोऱ्याने घट्ट बांधावे. हा घट कोरडा असेपर्यंत जवळजवळ झोपलेला असतो आणि पाण्याचा स्पर्श होताच जागा होतो. असा एक घट पाऊण ते एक व्होल्टच्या आसपास विभवांतर दाखवतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात, म्हणून चार-पाच घट एकापुढे एक जोडावे लागतात. थोड्या वेळाने प्रकाश मंदावतो, कारण तांब्याच्या पृष्ठभागावर चालणारी क्रिया रोडावते. हीच अडचण ओळखून जॉन डॅनियल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३६ साली तांब्याभोवती मोरचुदाचे द्रावण ठेवले आणि सुमारे १.१ व्होल्टचा स्थिर घट सिद्ध केला. जे मोरचूद संत्र्याच्या बुंध्याला लावले जाते, तेच येथे विजेच्या कामी येते. मात्र मोरचूद विषारी आहे, आणि ज्या फळात जस्ताची पट्टी खोचली ते फळही खाण्याजोगे राहत नाही. मुलांकडून प्रयोग करवून घेताना ही दक्षता घेतलीच पाहिजे.

आता थोडे गणित. एक ग्रॅम जस्त जास्तीत जास्त ०.८२ अँपिअर-तास इतका विद्युतभार देते. लहान एलईडीला २० मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. चार घटांच्या माळेवर तो दहा तास जळला, तर हिशेबाने जेमतेम एक ग्रॅम जस्त झिजते. प्रत्यक्षात काही जस्त वाया जाते, तरीही हा खर्च नगण्य आहे. पण म्हणून सारे घर याच विजेवर उजळावे असे कोणी मनात आणले, तर हिशेब पालटतो. ९ वॅटचा एक घरगुती दिवा रोज पाच तास लावायचा झाल्यास ४५ वॅट-तास ऊर्जा लागते. मिठाच्या पाण्यातील घटातून ती मिळवण्यासाठी दररोज सुमारे ८० ग्रॅम, म्हणजे महिन्याला जवळपास अडीच किलो जस्त गमवावे लागेल. त्यापेक्षा छपरावरील लहानशी सौरपट्टी कितीतरी स्वस्त पडते. भारनियमनात वर्षानुवर्षे पोळलेल्या वऱ्हाडाला विजेच्या पर्यायांची ओढ असणे स्वाभाविक आहे, पण ओढ कितीही तीव्र असली तरी हिशेब बदलत नाही.

हा हिशेब ज्या समाजाला येत नाही, त्याला कोणीही फसवू शकतो. १९९६ साली तामिळनाडूतील रामर पिल्लै याने वनस्पतींपासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला, तेव्हा भलेभले भारावून गेले होते. पुढे २०१६ साली न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा ठोठावली. २०१२ साली पाकिस्तानात पाण्यावर चालणाऱ्या मोटारीचा दावा झाला आणि तेथील मंत्रीही त्याच्या पाठीशी उभे राहिले. दोन्ही देशांत चूक एकच झाली. इंधन कोठून येते, हा साधा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.

मग हा पाण्याने जागा होणारा घट निरुपयोगी म्हणावा काय? मुळीच नाही. प्रत्येक गोष्टीला तिचे स्थान असते. विमानातील जीवरक्षक जाकिटावरचा लहान दिवा पाण्यात पडताच पेटतो, तो अशाच घटावर. हवामान खात्याच्या फुग्यांसोबत आकाशात जाणाऱ्या यंत्रांनाही मॅग्नेशियमच्या अशा घटांनी दीर्घकाळ वीज पुरवली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्राच्या पाण्यावर उजळणारा ‘रोशनी’ हा कंदील देशापुढे ठेवला. त्यामागे मच्छीमार बांधवांचा विचार होता, आणि समुद्र नसेल तेथे साध्या पाण्यात मीठ घालूनही तो चालतो. वरुडच्या परिसराला तर याचे मोल वेगळे सांगायला नको. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने जवळच्या मोवाड गावाचा घास घेतला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. पूर आला की वीज जाते, काडीपेटी भिजते, कंदील विझतो. इतर सारे दिवे ज्या पाण्याने विझतात, त्याच पाण्याने हा दिवा लागतो. नदीकाठच्या घरांत आणि मदतकार्याला धावणाऱ्या स्वयंसेवकांच्या झोळीत असे दिवे असतील, तर ती चैन नव्हे, शहाणपण ठरेल.

या विषयाचा आणखी एक धागा नागपूरशी जुळलेला आहे. अगस्त्य संहितेच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या श्लोकांत मातीचे भांडे, तांब्याचा पत्रा, मोरचूद, ओला लाकडी भुसा, पारा आणि जस्त यांचे वर्णन येते. त्यावरून नागपुरात घट तयार करण्यात आला, त्याने १.१३८ व्होल्ट विभवांतर दिले आणि ७ ऑगस्ट १९९० रोजी त्याचे प्रात्यक्षिक झाले, असा वृत्तांत सुरेश सोनी यांनी ‘भारत में विज्ञान की उज्ज्वल परंपरा’ या पुस्तकात दिला आहे. हा वृत्तांत व्याख्यानांतून पुष्कळदा सांगितला जातो. श्लोक वाचून थांबण्याऐवजी कोणी घट बांधून पाहिला, ही गोष्ट गौरवाचीच आहे. परंतु त्या प्रयोगाने काय सिद्ध होते, हे नेमकेपणाने सांगितले पाहिजे. वर्णन केलेले पदार्थ वीज देतात, एवढेच त्यातून सिद्ध होते. ते श्लोक केव्हा रचले गेले, याचे उत्तर मल्टीमीटर देऊ शकत नाही. त्यासाठी हस्तलिखिताची, भाषेची आणि परंपरेची स्वतंत्र परीक्षा लागते. पुराव्याच्या पुढे धावणारा अभिमान शेवटी आपल्याच परंपरेला हास्यास्पद करतो. ज्या भूमीत वादी-प्रतिवादी समोरासमोर बसून प्रमाणांची चर्चा करीत, त्या भूमीच्या वारसदारांनी प्रमाणाला घाबरण्याचे कारण नाही.

म्हणून २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी शाळांनी दिवा लागताच टाळ्या वाजवून थांबू नये. जस्ताची पट्टी प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर तोलावी. मिठाचे पाणी, संत्र्याचा रस आणि जंबेरीचा रस यांत प्रवाह किती येतो, हे वहीत तारखेसह नोंदवावे. किती तासांनी प्रकाश मंदावला, तेही लिहावे. अपयश आले तर तेही पुसू नये. मुलांना हे शिकवणे शेंदूरजनाघाटला अवघड जाऊ नये. कोणता खुंट तग धरतो, कोणते कलम डिंक्याला बळी पडते, हे येथील माळ्यांनी बागेत पाहून, पडताळून ठरवले आहे. तीच पारखी नजर त्यांच्या मुलांना प्रयोगशाळेत लाभली, तर चार घटांच्या त्या मिणमिणत्या उजेडात पुढच्या पिढीला पुष्कळ दूरचे दिसेल.